गोंगाटातून गुरुत्वीय लहर वेगळी काढताना यंत्रांचं जाळं नेमकं काय करतं?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गुरुत्वीय लहरी म्हणजे अवकाशाला ताणत-आकसत जाणाऱ्या लहरी; त्या टिपणाऱ्या लायगोच्या यंत्राला काटकोनातल्या दोन लांब भुजा असतात आणि त्यांच्या लांबीतला फरक लेसरने मोजतात. अमेरिकेतल्या लायगोच्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या दोन यंत्रांचा खुला डेटा उतरवून घेतला, २० हर्ट्झच्या खालचा भाग गाळला आणि उरलेल्याचे छोटे छोटे तुकडे पाडले. एका यंत्राची नोंद दुसऱ्याच्या मागेपुढे १० मिलिसेकंदांपर्यंत सरकवत दोन्हींमधला सहसंबंध (दोन नोंदी किती जुळतात याचा आकडा, जास्तीत जास्त १) काढला, तर बऱ्याच तुकड्यांत ०.७-०.८ची शिखरं मिळाली. यातली खरी गुरुत्वीय लहर कुठली आणि गोंगाट कुठला? जोडप्रश्न असा की दोनाऐवजी तीन-चार यंत्रांचं जाळं असलं तर फक्त संकेत मोठा होतो की आणखी काही मिळतं?

जोडप्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलेलं आहे. संकेत मोठा होतो हे खरं, पण तो फायदा बेताचाच आहे. सारख्या क्षमतेची दोन यंत्रं जोडली की एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत संकेताची उंची) २च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.४ पट वाढतो. जाळ्याची खरी ताकद आहे ती खोटा दावा पकडण्यात. लहर खरी असेल तर वेगवेगळ्या यंत्रांच्या नोंदींचं एक ठरावीक मिश्रण शून्यावर आलंच पाहिजे. शिवाय निव्वळ गोंगाट योगायोगाने किती वेळा लहरीसारखा दिसतो, हे जाळ्यामुळे प्रत्यक्ष मोजता येतं. एकटं यंत्र कितीही संवेदनशील असलं तरी त्याला या दोन्ही गोष्टी स्वतःच्या बळावर जमत नाहीत. सहसंबंधाचा आकडा म्हणजे या कामाची फक्त सुरुवात आहे.

आता तुमची शिखरं. अमेरिकेतला वीजपुरवठा ६० हर्ट्झचा आहे आणि त्याचा स्वर दोन्ही ठिकाणच्या नोंदींत ठळक असतो. ६० हर्ट्झचं एक आवर्तन १६.७ मिलिसेकंदांचं. तुम्ही मागेपुढे १०-१० मिलिसेकंद सरकवता, म्हणजे एकूण २० मिलिसेकंदांचा पट्टा चाळता. त्यात एक आख्खं आवर्तन बसतं, त्यामुळे कुठेतरी शिखरावर शिखर येणारच! हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन वेगवेगळ्या वीजजाळ्यांवर आहेत, त्यांच्या वारंवारतेत बारीकसा फरकही असतो, पण छोट्या तुकड्यात तो दिसत नाही. आरसे टांगलेल्या काचेच्या तंतूंचे ५०० हर्ट्झच्या आसपासचे स्वर आणि कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे यंत्राचं मोजमाप ताडून पाहण्यासाठी, मुद्दाम दिलेले स्वर यांचंही तसंच. २० ते ३० हर्ट्झमधला उरलासुरला मंद चढउतार तर छोट्या तुकड्यात मोजकीच आवर्तनं घेतो, आणि मोजक्या आवर्तनांच्या दोन असंबंधित नोंदी सहज जुळल्यासारख्या वाटतात. थोडक्यात, तुमची शिखरं गणिती दृष्ट्या बरोबर आहेत, पण त्यांचा आकाशाशी काही संबंध नाही.

म्हणून पहिलं काम व्हाइटनिंगचं. संकेताच्या आजूबाजूची काही मिनिटं घेऊन गोंगाटाचा वर्णपट, म्हणजे पीएसडी काढायचा आणि डेटाचं फूरिये रूपांतर (प्रत्येक वारंवारतेचा वाटा) त्याच्या वर्गमुळाने भागायचं. मग प्रत्येक वारंवारतेला गोंगाटाच्या हिशोबात समान वजन मिळतं आणि ते ठळक स्वर आपोआप दबतात. इथे दोन बारकावे पाळा. पीएसडी काढताना तुकड्यांची सरासरी न घेता मध्यक घ्या. एखादा जोरदार ग्लिच (यंत्रातला क्षणिक ठोका) सरासरी पार बिघडवतो, मध्यकाला त्याचा फारसा धक्का लागत नाही. दुसरं, व्हाइटनिंगनंतर तुकड्याच्या दोन्ही टोकांचा भाग टाकून द्या, कारण तिथे फिल्टरचे स्वतःचे पडसाद उमटतात. नवख्या लोकांचे कितीतरी ‘शोध’ या टोकांवरच लागलेले असतात.

पद्धत नीट बसली का हे तपासायला १४ सप्टेंबर २०१५, जागतिक वेळेनुसार ९ वाजून ५० मिनिटं ४५ सेकंद हा क्षण घ्या. ३५ ते ३५० हर्ट्झचा पट्टा ठेवा. हॅनफर्डची नोंद ६.९ मिलिसेकंद आधीच्या वेळेकडे सरकवा आणि तिचं चिन्ह उलटं करा. (चिन्ह का उलटायचं ते पुढे येईल.) साधारण ०.२ सेकंदात ३५ पासून १५० हर्ट्झपर्यंत चढत जाणारी सुमारे ८ आवर्तनं दोन्ही नोंदींत एकमेकांवर बसलेली दिसतील. पहिली थेट पकडलेली गुरुत्वीय लहर ती हीच, जीडब्ल्यू १५०९१४. सुमारे ३६ आणि २९ सौर वस्तुमानांची दोन कृष्णविवरं एकत्र आली आणि ६२ सौर वस्तुमानांचं एक उरलं. बाकीची ३ सौर वस्तुमानं लहरींच्या रूपात निघून गेली. आपल्यापर्यंत पोचेस्तोवर त्या लहरीचा ताण (लांबीतल्या बदलाचं मूळ लांबीशी प्रमाण) १०च्या उणे २१व्या घाताइतका उरला होता. ४ किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत त्याने होणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाइतका भरतो. हे ठाऊक असूनही पडद्यावर ती वक्ररेषा स्वतःच्या हाताने काढलेली पाहताना फार आनंद होतो. तो अनुभव जरूर घ्या.

पण थांबा. समजा, व्हाइटनिंगनंतर एखाद्या अनोळखी तुकड्यात तुम्हाला ०.५चा सहसंबंध मिळाला. तो मोठा मानायचा का? हिशोब करून पाहू. ३१५ हर्ट्झ रुंदीचा पट्टा आणि ०.२ सेकंदांचा तुकडा म्हणजे साधारण १२६ स्वतंत्र नमुने. निव्वळ यादृच्छिक गोंगाटात सहसंबंधाचं प्रमाण विचलन १२६च्या वर्गमुळाचा व्यस्त, म्हणजे ०.०९ येतं. ०.५ हे त्याच्या साडेपाच पट झालं, म्हणजे जबरदस्तच वाटतं. पण १६ दिवसांच्या डेटात असे ६९ लाख तुकडे असतात आणि प्रत्येकात तुम्ही डझनभर स्वतंत्र सरकवण्या तपासता. आठेक कोटी प्रयत्नांत एकदा साडेपाच पटींचं विचलन दिसणं अगदी स्वाभाविक आहे. म्हणजे गोंगाट आदर्श असता तरीही तुम्हाला ०.५च्या आसपासचं एखादं शिखर मिळालंच असतं. किती ठिकाणी शोधलं हे सांगितल्याशिवाय जुळणीच्या आकड्याला काही अर्थ नाही.

आणि गोंगाट आदर्श नसतोच. कमी वारंवारतेला जमिनीची हालचाल, मधल्या पट्ट्यात आरशांवरच्या लेपाचा आणि टांगणीचा औष्णिक गोंगाट, वरच्या पट्ट्यात लेसरच्या फोटॉनांचा पुंजगोंगाट ही झाली शांत पार्श्वभूमी. ती बऱ्यापैकी गॉसियन (घंटेच्या आकाराच्या वितरणाप्रमाणे) वागते आणि तिचं गणित कागदावर सुटतं. त्रास देतात ते ग्लिच, म्हणजे क्षणभर उसळून विरणारे आवाज. तिसऱ्या निरीक्षण-फेरीत लिव्हिंग्स्टनमध्ये ते मिनिटाला सुमारे एक या दराने येत होते. विखुरलेल्या प्रकाशामुळे वर्णपटावर कमानी उमटतात. ‘ब्लिप’ नावाचा प्रकार सगळ्यांत वाईट: काही मिलिसेकंदांचा टपोरा ठोका, जड कृष्णविवरांच्या मिलनासारखाच दिसणारा, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण सापडत नाही.

काहींचं कारण मात्र सापडतं, आणि ते शोधण्याची चिकाटी मला या क्षेत्रातली सगळ्यांत गोड गोष्ट वाटते. २०१७ मध्ये हॅनफर्डच्या नोंदींत असेच आगंतुक ठोके दिसू लागले. शोध घेता घेता मंडळी द्रव नायट्रोजनच्या नळीपाशी पोचली. बाहेरच्या नळीवर जमलेल्या बर्फावर डोमकावळे चोची मारत होते. बर्फावर चोचींच्या खुणा मिळाल्या आणि कृत्रिम ठोके देऊन परिणामही ताडून पाहिला गेला. भूकंपमापक, सूक्ष्मध्वनीमापक, चुंबकमापक, तापमापक अशा हजारो सहायक वाहिन्या प्रत्येक यंत्राभोवती सतत नोंदी करत असतात त्या यासाठीच. सहायक वाहिनीत उसळी दिसली आणि तिचा मुख्य नोंदीशी संबंध सिद्ध झाला की तेवढा वेळ बाद करतात. पण ब्लिपसारखे कुठल्याच वाहिनीत न दिसणारे ग्लिच या चाळणीतून सुटतात. तिथून पुढे जाळं लागतं.

लहरीला फक्त दोन ध्रुवीकरणं असतात, ‘अधिक’ आणि ‘फुली’. प्रत्येक यंत्राची नोंद म्हणजे या दोन घटकांचं एक मिश्रण, अधिक त्या यंत्राचा स्वतःचा गोंगाट. मिश्रणाचं प्रमाण ठरतं ते स्रोत आकाशात कुठे आहे आणि यंत्राच्या भुजा कुठे रोखलेल्या आहेत यावरून. म्हणजे आकाशातली दिशा एकदा गृहीत धरली की तीन गोष्टी पक्क्या होतात: कुठल्या यंत्रावर लहर किती उशिरा पोचणार, चिन्ह कोणतं असणार आणि एकमेकांच्या तुलनेत उंची किती असणार. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन सुमारे ३००० किलोमीटर दूर आहेत, म्हणून वेळेतला फरक १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त असूच शकत नाही. त्यांच्या भुजा पृथ्वीच्या वक्रतेत जमेल तितक्या समांतर ठेवल्या आहेत, पण ९० अंशांनी फिरवून. म्हणून चिन्ह उलटतं.

याचा उपयोग आकड्यांत पाहू. दोन समान, समांतर यंत्रं घ्या. दोन्हींच्या नोंदी व्हाइटनिंग करून, वेळ आणि चिन्ह जुळवून ठेवा. आता दोन नवे प्रवाह बनवा: नोंदींची बेरीज भागिले २चं वर्गमूळ, आणि वजाबाकी भागिले २चं वर्गमूळ. खरी लहर आली आणि दोन्हीकडे ६ उंचीची नोंद झाली, तर बेरजेच्या प्रवाहात ८.५ आणि वजाबाकीत ०. आता फक्त एका यंत्रात ८.५ उंचीचा ग्लिच आला असं धरा. बेरजेत ६ आणि वजाबाकीतही ६. दोन्ही प्रसंगांत एकूण ऊर्जा तीच, ७२. पण लहरीची सगळीच्या सगळी ७२ बेरजेत गेली, तर ग्लिचची ३६-३६ अशी दुभंगली. एकूण ऊर्जा पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतील. वजाबाकीकडे पाहणाऱ्याला फरक लगेच कळेल. प्रत्यक्षात गोंगाटामुळे प्रत्येक प्रवाहात एकाच्या आसपासची थरथर राहतेच, पण ० आणि ६ यांतला फरक त्याने झाकला जात नाही. सगळ्या यंत्रांच्या नोंदी एकत्र तपासणाऱ्या ‘कोहेरंट वेव्हबर्स्ट’ या प्रणालीत सुसंगत ऊर्जेला सुसंगत आणि शून्य-प्रवाहातल्या (इथल्या वजाबाकीतल्या) ऊर्जेच्या बेरजेने भागून जो गुणांक काढतात, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. खऱ्या लहरीसाठी तो १च्या जवळ जातो.

इथवर सगळं सरळ आहे. गुंता पुढे होतो, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी मुद्दाम यंत्रं तंतोतंत समांतर धरली. ती जराशी जरी तिरकी असली तरी दोन यंत्रांच्या दोन नोंदी आणि लहरीची दोन अज्ञात ध्रुवीकरणं, म्हणजे दोन समीकरणं आणि दोन अज्ञातं. मग कुठलाही डेटा द्या, त्याला तंतोतंत बसणारी लहर मिळतेच! एका यंत्रातला ग्लिचसुद्धा ‘फुली’ घटक अवाढव्य मोठा धरून लहर म्हणून खपवता येतो. डेटाला सगळ्यांत जास्त जुळणारी लहर शोधणारं कमाल संभाव्यतेचं सूत्र तेव्हा सहसंबंधाकडे न बघता फक्त एकूण ऊर्जा परत देतं. भुजा समांतर असताना सहसंबंध निर्णायक, आणि किंचित तिरक्या केल्या की तो सूत्रातून गायब! या विचित्र उडीला दोन यंत्रांचा विरोधाभास म्हणतात. २००५ मध्ये सर्गेई क्लिमेन्को आणि सहकाऱ्यांनी त्यावर बंधनाचा उपाय मांडला. ज्या ध्रुवीकरणाला जाळं जवळजवळ बहिरं आहे, त्या ध्रुवीकरणावर फार विसंबणारी उत्तरं दाबून टाकायची. हॅनफर्ड-लिव्हिंग्स्टन जोडी बहुतांश आकाशात एकाच ध्रुवीकरणाला संवेदनशील आहे, म्हणून तिथे हे बंधन कडक लावावं लागतं. माझ्या मते कोहेरंट पद्धतीचं अर्धं कौशल्य या एका निर्णयात आहे. बंधन सैल राहिलं तर ग्लिच आत येतात. फार आवळलं तर दिशा आणि ध्रुवीकरण दोन्ही चुकीचे निघतात.

तिसरं यंत्र आलं की चित्र बदलतं. तीन नोंदी आणि दोन अज्ञातं, म्हणजे एक समीकरण शिल्लक राहतं. योग्य दिशा धरली तर तिन्ही नोंदींचं असं एक मिश्रण सापडतं ज्यात लहर पूर्ण रद्द होते, मग तिचा आकार काहीही असो. हाच शून्य-प्रवाह. गुर्सेल आणि टिंटो यांनी १९८९ मध्ये, म्हणजे लायगो उभं राहण्याच्या कितीतरी आधी, ही कल्पना मांडली. यंत्रं जितकी जास्त तितके शून्य-प्रवाह जास्त: यंत्रांच्या संख्येतून २ वजा करा. आकाशातली प्रत्येक दिशा तपासत जायचं. एखाद्या दिशेसाठी शून्य-प्रवाहात निव्वळ गोंगाट उरला तर दावा टिकला. कुठल्याच दिशेने गोंगाटापुरतं उरत नसेल तर तो ग्लिच होता.

कागदावर हे जितकं निर्दोष दिसतं तितकं प्रत्यक्षात नाही. तीन यंत्रांपैकी एक फारच कमकुवत असेल तर शून्य-प्रवाहात मुख्यतः त्याचाच गोंगाट भरतो आणि परीक्षा बोथट होते. कॅलिब्रेशनमधल्या चुकाही इथे उघड्या पडतात. ३० एसएनआरचा संकेत असेल आणि दोन यंत्रांच्या कॅलिब्रेशनमध्ये ५ टक्क्यांची तफावत असेल, तर शून्य-प्रवाहात दीडेक एककाचा अवशेष राहणारच. म्हणून जितका दणदणीत संकेत, तितका शून्याचा निकष थोडा सैल ठेवावा लागतो. पहिल्यांदा हे ऐकलं की उलटं वाटतं.

लहरीचा आकार आधीच ठाऊक असेल तर मॅच्ड फिल्टर वापरतात. सापेक्षतावादातून काढलेले लाखो नमुना-आकार डेटावरून फिरवून कुठला जुळतो ते पाहायचं. जीडब्ल्यू १५०९१४च्या शोधात असे सुमारे अडीच लाख नमुना-आकार, म्हणजे टेम्प्लेट, होते. या पद्धतीच्या पायाभरणीत पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान केंद्रातलं काम फार मोलाचं आहे. बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांनी १९९१ मध्ये टेम्प्लेट कसे निवडावेत हे मांडलं. पुढे अर्चना पै, धुरंधर आणि सुकांत बोस यांनी २००१ मध्ये अख्ख्या जाळ्यालाच एक यंत्र समजून मॅच्ड फिल्टर कसा चालवायचा याची रीत दिली. तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यांत जवळचं काम तेच. मात्र प्रत्येक टेम्प्लेट प्रत्येक दिशेसाठी चालवायचा तर गणनेचा खर्च प्रचंड होतो. म्हणून रोजच्या शोधात प्रत्येक यंत्रावर टेम्प्लेट स्वतंत्र चालवतात, काय-वर्ग कसोटीने आकार खरंच जुळतो का ते पाहतात आणि मग वेळ जुळवतात. लायगोच्या जोडीसाठी तेव्हा १५ मिलिसेकंदांची खिडकी होती: १० प्रवासाचे आणि ५ वेळ मोजण्यातल्या अनिश्चिततेचे.

टेम्प्लेटशिवायचा कोहेरंट शोध म्हणजे दुय्यम पर्याय असं मात्र समजू नका. जीडब्ल्यू १५०९१४ सगळ्यांत आधी त्यानेच पकडली, डेटा नोंदल्यापासून ३ मिनिटांच्या आत. २१ मे २०१९च्या जीडब्ल्यू १९०५२१ मध्ये तर त्याचं महत्त्व आणखी ठळक झालं. सुमारे ८५ आणि ६६ सौर वस्तुमानांची कृष्णविवरं, संकेत जेमतेम ०.१ सेकंदाचा, चारेक आवर्तनं. इतक्या तोकड्या संकेतात टेम्प्लेटला पकडायला काही नसतं. कोहेरंट शोधाने त्याला जितकी खात्री दिली, तितकी त्या वेळच्या टेम्प्लेट-शोधांनी दिली नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग: पार्श्वभूमी मोजणं. दुर्बीण झाकून गोंगाट मोजता येतो, तसं गुरुत्वीय लहरींपासून यंत्र झाकता येत नाही. उपाय असा की एका यंत्राची नोंद दुसऱ्याच्या तुलनेत प्रकाशाच्या प्रवासवेळेहून खूप जास्त सरकवायची आणि तोच शोध, त्याच चाळण्यांसकट, पुन्हा चालवायचा. आता जे काही जुळेल ते योगायोगच असणार. जीडब्ल्यू १५०९१४साठी दोन्ही यंत्रं एकत्र चालू असलेला १६ दिवसांचा डेटा होता, म्हणजे सुमारे १३.८ लाख सेकंद. ०.१ सेकंदाच्या पावलांनी सरकवलं तर १.३८ कोटी वेगवेगळ्या मांडण्या होतात. प्रत्येक मांडणी १६ दिवसांची, म्हणजे एकूण सुमारे ६ लाख वर्षांची पार्श्वभूमी. त्यात इतकं प्रबळ असं काहीही सापडलं नाही. टेम्प्लेटचे तीन वर्ग होते म्हणून ३ने भागलं आणि ‘२ लाख ३ हजार वर्षांत एकापेक्षा कमी’ हा प्रसिद्ध आकडा आला. ५.१ सिग्मा (प्रमाण विचलनाच्या ५.१ पट) तिथून आले. गोंगाट गॉसियन आहे असं कुठेही गृहीत धरलेलं नाही. ग्लिच जसे होते तसेच, त्यांच्या सगळ्या कुरूपतेसकट मोजले गेले. या पद्धतीबद्दल मला फार आदर आहे.

तिच्या मर्यादाही ध्यानात ठेवा. मूळ डेटा १६च दिवसांचा आहे. तो कितीही वेळा सरकवला तरी त्यात नसलेला ग्लिच-प्रकार पार्श्वभूमीत येणार नाही. शिवाय खरा संकेतच दणदणीत असेल तर सरकवल्यावर त्याचा एका यंत्रातला अर्धा भाग दुसऱ्यातल्या किरकोळ उसळ्यांशी जुळत राहतो आणि पार्श्वभूमी फुगवतो. म्हणून निकाल दोन्ही प्रकारे, संकेत धरून आणि वगळून दाखवतात.

सरकवण्याची युक्ती जुनी आहे. जोसेफ वेबर यांनी १९६९ मध्ये अमेरिकेत मेरीलँड आणि अरगॉन इथल्या, लहरी टिपण्यासाठी ठेवलेल्या धातूच्या दंडगोलांमध्ये एकाच वेळी हालचाल झाल्याचं जाहीर केलं, आणि पुढच्या कामात योगायोगांचा अंदाज त्यांनी याच तऱ्हेने घेतला. तरीही ते निष्कर्ष टिकले नाहीत. पुढे रोचेस्टरच्या एका यंत्राशी त्यांना जुळण्या सापडल्या, पण दोन्ही नोंदींच्या घड्याळांत चार तासांचा फरक होता असं नंतर निघालं. तंत्र बरोबर असलं तरी उंबरठे (किती मोठा संकेत धरायचा त्याच्या मर्यादा) आणि चाळण्या डेटा पाहता पाहता बदलत गेल्या तर हवं ते सापडत जातं. आजची मंडळी उंबरठे आधी गोठवतात ते त्यासाठी. सप्टेंबर २०१० मध्ये काही मोजक्या लोकांनी गुपचूप डेटात एक खोटा संकेत पेरला होता. बाकीच्यांनी तो शोधून, तपासून, शोधनिबंधाचा मसुदा तयार केला. मार्च २०११ मध्ये हे गुपित ठेवलेलं बंद पाकीट उघडल्यावर तो पेरलेला होता हे कळलं. अख्ख्या यंत्रणेची ती परीक्षा होती आणि ती उत्तम पार पडली.

जाळ्यातलं एखादं यंत्र गप्प राहिलं तर? त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण १७ ऑगस्ट २०१७चं. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनाचा, सुमारे १०० सेकंद चाललेला संकेत. हॅनफर्डला स्पष्ट दिसला. लिव्हिंग्स्टनमध्ये मिलनाच्या १.१ सेकंद आधी एक जोरदार ग्लिच आला, त्यामुळे स्वयंचलित जुळणी आधी झालीच नाही. पण लिव्हिंग्स्टनच्या वर्णपटावर ग्लिचच्या मागून चढत जाणारी लांब रेघ डोळ्यांनी दिसत होती. ग्लिचचा तेवढा भाग कापून काढल्यावर संकेत २६च्या एसएनआरने उभा राहिला. इटलीतल्या व्हर्गो या यंत्रात मात्र एसएनआर फक्त २. स्रोत ४० मेगापार्सेकवर (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं) होता आणि व्हर्गोची पोच उत्तम दिशेला ५८ मेगापार्सेक होती, म्हणजे दिसायला हवा होता. न दिसण्याचं कारण एकच: स्रोत व्हर्गोच्या अंध दिशेजवळ होता. त्या गप्प राहण्यानेच आकाशाचा शोधपट्टा २८ चौरस अंशांवर आला आणि खगोलशास्त्रज्ञांनी एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत तो स्फोट प्रत्यक्ष पाहिला.

दिशा कशी ठरते याचा अंदाज सोपा आहे. १० एसएनआर आणि १०० हर्ट्झची प्रभावी पट्टारुंदी असेल तर पोचण्याची वेळ साधारण ०.१६ मिलिसेकंदांपर्यंत मोजता येते. १० मिलिसेकंदांच्या अंतरावर ही अनिश्चितता म्हणजे एखाद-दीड अंश. दोन यंत्रांतून आकाशावर एवढ्या जाडीचं कडं मिळतं, तीनांतून दोन जागा, चारांतून सहसा एक. १४ ऑगस्ट २०१७च्या संकेतात व्हर्गो धरल्यावर क्षेत्र ११६० चौरस अंशांवरून ६० वर आलं. उलट एप्रिल २०१९च्या जीडब्ल्यू १९०४२५च्या वेळी हॅनफर्ड बंद होतं आणि शोध मुख्यतः लिव्हिंग्स्टनवरच उभा राहिला, तर क्षेत्र ८००० चौरस अंशांच्या वर गेलं. जपानच्या काग्रा या यंत्रानंतर हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारं लायगो-इंडिया इतकं हवंहवंसं आहे ते याच हिशोबामुळे. अंतर लांब आणि भुजांची दिशा वेगळी, म्हणजे दुसरं ध्रुवीकरणही नीट पकडता येईल.

आता एक धोका, ज्यापुढे वेळ सरकवणंही पुरं पडत नाही: सगळ्या यंत्रांत एकाच वेळी पोचणारा गोंगाट. जगभरच्या विजांमुळे पृथ्वी आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्यामधल्या पोकळीत ८, १४, २० हर्ट्झच्या आसपास चुंबकीय कंप सतत चालू असतात. ते हॅनफर्डलाही पोचतात आणि व्हर्गोलाही. क्षणिक संकेतांच्या शोधात त्यांचा उपद्रव कमी, पण विश्वाच्या पार्श्वभूमी-लहरी शोधताना महिनोन्महिने सहसंबंधाची बेरीज करतात, तिथे ते खऱ्या संकेताचं सोंग घेऊ शकतात. उपाय म्हणजे चुंबकमापकांचं वेगळं जाळं ठेवून त्यांचा वाटा मोजणं.

पल्सारच्या, म्हणजे नियमित ठोके देणाऱ्या फिरत्या ताऱ्यांच्या, जाळ्यात या धोक्याचं उत्तर भूमितीतच मिळतं, म्हणून ते सांगतोच. तिथे यंत्रं म्हणजे आकाशभर पसरलेले पल्सार. पृथ्वीवरच्या घड्याळात चूक असेल तर सगळ्या पल्सारचे ठोके सारखेच सरकतात. सूर्यमालेच्या केंद्राची जागा चुकली असेल तर एका बाजूचे पुढे आणि समोरचे मागे. गुरुत्वीय लहरी असतील तर दोन पल्सारमधल्या कोनानुसार सहसंबंध एका विशिष्ट वक्राने बदलतो: जवळच्या जोड्यांत धन, ८० अंशांच्या आसपास ऋण, समोरासमोरच्या जोड्यांत पुन्हा धन. हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्ये हा वक्र काढला. जून २०२३ मध्ये नॅनोग्रॅव्ह या उत्तर अमेरिकेतल्या गटाने ६७ पल्सारच्या १५ वर्षांच्या नोंदींतून त्याचा पुरावा मांडला, आणि त्याच वेळी युरोपीय गटाने भारतीय गटासोबत, तसंच ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनीही आपापले निष्कर्ष जाहीर केले.

तुमच्यासारखीच शंका मोठ्या पातळीवरही घेतली गेली आहे. २०१७ मध्ये कोपनहेगनच्या एका गटाने जीडब्ल्यू १५०९१४ वजा केल्यावरही दोन्ही यंत्रांच्या उरलेल्या नोंदींत सहसंबंध दिसतो असा दावा केला. शंका रास्त होती आणि ती जाहीरपणे घेतली हे चांगलंच झालं. पुढे इतरांनी तीच तपासणी पार्श्वभूमीशी ताडून केली तेव्हा उरलेला सहसंबंध गोंगाटात सहज सापडणाऱ्या पातळीचाच निघाला. तुमच्या ०.७च्या शिखरांनाही हीच तपासणी लावा.

त्यासाठी क्रम असा ठेवा. आधी ठरवा की कुठला आकडा पाहणार, कुठल्या पट्ट्यात आणि किती लांबीच्या तुकड्यात, आणि मग तो बदलू नका. माझा सल्ला मागाल तर एकट्या सहसंबंधाऐवजी दोन आकडे ठेवा: बेरजेच्या प्रवाहातली ऊर्जा, आणि एकूण ऊर्जेत तिचा वाटा. पूर्ण डेटा व्हाइटनिंग करून एका यंत्राला काही सेकंदांच्या पावलांनी शंभरेक वेळा सरकवा आणि प्रत्येक वेळी सगळ्यांत वरचे निकाल नोंदवून ठेवा. मग कृत्रिम लहरी तयार करा, योग्य उशीर आणि उलट्या चिन्हासह दोन्ही नोंदींत वेगवेगळ्या उंचीच्या पेरा, आणि तुमचा शोध कितव्या एसएनआरपासून त्या पकडतो ते पाहा. एकाच नोंदीत ब्लिपसारखे ठोकेही पेरा, ते नाकारले जातात का ते कळेल. हे सगळं झाल्यावरच न सरकवलेला डेटा उघडा.

न्यूरल नेटवर्क लावायचा मोह होईल. जरूर लावा, ग्लिच ओळखायला ती फार उपयोगी आहेत. पण त्यांनी दिलेला ‘९९ टक्के खात्री’ हा आकडाही याच सरकवलेल्या पार्श्वभूमीवर तपासून घ्या.